औषध सोडणारी जाळी

माझ्या वडिलांनी उभा जन्म लोकांना पाणी सोडायला लावलं आणि मी उभा जन्म लोकांचं तुंबलेलं पाणी सोडवलं. ते भिक्षुक होते. औरंगपुऱ्यात कुणाकडं पूजा असली की "हं, पळीभर पाणी ताम्हनात सोडा" हा त्यांचा खर्जातला आवाज मला उस्मानपुऱ्यात अंथरुणात ऐकू यायचा. मधलं अंतर विचारू नका, आवाजच तसा होता. मी पोथी ठेवून दुर्बीण धरली. एका खासगी रुग्णालयात पोटाच्या दुर्बिणीच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून लागलो आणि तिथंच केस पांढरे करून निवृत्त झालो. घराण्याची विद्या बुडाली, पण नाव चिकटलं. झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या सरांपर्यंत सगळे मला गुरुजीच म्हणायचे.

आमचं काम पित्तनळीचं. आपल्या शहरातल्या माणसाला ते समजवायला एक मिनिट पुरतं, कारण नळाला पाणी कधी येणार ह्या विषयात इथं पाळण्यातलं पोरही तज्ज्ञ असतं. यकृत म्हणजे जायकवाडीचं धरण. पित्त म्हणजे पाणी. पित्ताशय म्हणजे तुमच्या गच्चीवरची टाकी. आणि पित्तनळी म्हणजे ती मोठी पाइपलाइन, जिच्यातून पित्त आतड्यात उतरतं. नळीत खडा अडकला, नाहीतर नळीच्या भिंतीतच कॅन्सरची गाठ वाढली, की पित्त मागं फिरून रक्तात मिसळतं. माणूस हळकुंडासारखा पिवळा होतो, लघवी काळ्या चहासारखी होते, आणि अंगाला अशी खाज सुटते की एका पेशंटनं आमच्या वॉर्डाच्या भिंतीचा रंग पाठीनं खरवडून काढला होता. दोन भिंतींचा.

मग तोंडातून दुर्बीण घालायची, जठर ओलांडून आतड्याच्या वळणावर जायचं, तिथं पित्तनळीचं तिळाएवढं तोंड शोधून त्यात बारीक तार घालायची आणि तारेवरून जाळीची नळी सरकवून बरोबर गाठीच्या मधोमध उघडायची. तिलाच स्टेंट म्हणतात. मिटलेल्या छत्रीसारखी आत जाते आणि उघडली की गाठीला बाजूला रेटून पित्ताला वाट करते. दुर्बीण सरांच्या हातात, तार आणि जाळी माझ्या हातात. सर पडद्याकडं बघत म्हणायचे, "सोड... सोड... थांब. आता सोड." जाळी उघडताना आखडते, म्हणून सोडताना ती बोटभर मागं ओढून धरायची असते. हे पुस्तकात असतं. किती ओढायची ते पुस्तकात नसतं. ते ह्या दोन बोटांत असतं.

एकदा तार निम्मी आत असताना वीज गेली. जनरेटर सुरू होईस्तोवर मी अंदाजानं तार नळीत घालून मोकळा झालो होतो. सर हे आजही मान्य करत नाहीत. पण अंधारात त्यांना काय दिसणार? आणि कावीळ किती चढली आहे हे तर मी पेशंट रिक्षातून उतरतानाच सांगायचो. आमचे लॅबवाले रिपोर्ट छापण्याआधी माझ्या तोंडाकडं बघायचे.

गिऱ्हाइकंही एकेक नग. सराफ्यातल्या एका शेटजींनी विचारलं होतं, "गुरुजी, जाळी सोन्याची नाही का मिळणार? आपल्याला बरं वाटतं जरा." मी म्हटलं, "मिळेल, पण मग तुम्हाला तोंड उघडं टाकून झोपता येणार नाही." शेटजी महिनाभर तोंडावर रुमाल बांधून झोपत होते, असं त्यांच्या सूनबाईंनी मला नंतर सांगितलं. जाळी साध्या धातूचीच होती.

पण मला सांगायचं आहे ते खंडूनानाचं.

खंडूनाना धनगर. कन्नडच्या बाजूचा, सत्तरीचा, उंच, आणि आला तेव्हा झेंडूसारखा पिवळा. बरोबर सून होती, जना. नवरा वाळूजला कंपनीत कामाला, मेंढराचं नाव काढलं की त्याला म्हणे शिंका यायच्या. म्हणून कळप सुनेनं घ्यायचा असं घरात ठरलेलं. तिचं शिक्षण नववी. नाना तिला पोरी म्हणायचा, ती त्याला मामा.

तपासण्या झाल्या. गाठ पित्तनळीत, यकृताच्या अगदी दारात. कापून काढण्यातली राहिली नव्हती. सरांनी ते हळू आवाजात, फिरवून फिरवून सांगितलं. नानानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डाक्टरसायेब, मला लई जगायचं नाय. मला एक फेरा पायजे."

"फेरा म्हणजे?"

"दसऱ्याला मेंढरं घिऊन निघायचं. हितून पैठन, मंग गोदाकाठानं अंबडाच्या अंगानं खाली. ऊन उतराया लागलं की घरी. कुन्या गावाला पानी हाय, कोन वावरात मेंढरं बसवू देतो, कोन शिव्या देतो, समदं माझ्या डोस्क्यात हाय. ह्या पोरीला येक डाव दावतो. मंग तुमी म्हनान तवा मरतो."

मेंढरं बसवणं म्हणजे कळप रात्री शेतात बसवायचा, लेंड्यामुतानं जमिनीला खत होतं आणि शेतकरी बदल्यात धान्य देतो. असे मुक्काम जोडत जोडत तो फेरा व्हायचा. मी म्हटलं, "नाना, एवढंच ना? तुम्ही सांगा, मी लिहून देतो."

"वाट लिवून येत आसती तर पोस्टमनानं मेंढरं राखली आसती," नाना म्हणाला. माझा विषय संपला.

सर टेबलाखाली बोटांवर महिने मोजत होते, ते मला दिसलं. साधी जाळी बसवली असती तर गाठ तिच्या वरून-खालून, भोकांतून वाढत राहणार होती. सरांनी बरीच खटपट करून, परवानग्यांचे कागद जमवून नानासाठी परदेशातून एक वेगळी जाळी मागवली. तिच्यावर पातळ पापुद्रा होता आणि त्या पापुद्र्यात कॅन्सरचं औषध भरलेलं. जाळी बसली की औषध दोनेक महिने हळूहळू थेट गाठीत उतरणार. सर मात्र सरळ माणूस. म्हणाले, "गुरुजी, ही साध्या जाळीपेक्षा जास्त टिकते असं अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आशा आहे, एवढंच." मी त्या जाळीचा डबा असा धरला होता, जसा काही लग्नात नवरीचा हात.

नानाला समजावण्याचं काम माझ्याकडं आलं. मी म्हटलं, "नाना, ही औषध सोडणारी जाळी हाय."

"कुनाला सोडती? मला का गाठीला?"

"गाठीला."

"म्हंजी गाठीनंच औषध प्यालं म्हना की!" आमच्याकडं औषध पिणं म्हणजे काय हे सांगायला नको. नाना असा हसला की सलाइनची बाटली हलली. "पिऊ दे भाडखाऊला. बिलकूल दवाखान्यात नेऊ नगा."

जाळी बसली. सर म्हणाले "सोड", मी सोडली. पित्ताचा असा लोंढा आला की पडदा हिरवाकाळा झाला. चौथ्या दिवशी नानाची खाज गेली, आठव्या दिवशी डोळे पांढरे.

आता माझी करामत ऐका. घरी जाताना पेशंटला जो कागद मिळतो तो असतो इंग्रजीत. मला ते पटत नसे. म्हणून मी जाळीच्या पेशंटला स्वतःच्या हातानं मराठीत एक चिठ्ठी द्यायचो. माझं अक्षर म्हणजे काय सांगू, छापखानेवाले लाजतील. नानाच्या चिठ्ठीवर मी शुद्ध, ठळक, रेघेला रेघ लावून लिहिलं:

पित्तनळीत जाळी बसवली आहे.
औषध सोडणे : दोन महिने.

कोणत्या गोळ्या कधी घ्यायच्या, ताप आला तर लगेच या, वगैरे इंग्रजी कागदावर होतंच.

तीन आठवड्यांनी, दसरा तोंडावर आलेला, दुपारच्या वेळी जीप आली. नानाला चौघांनी उचलून आणलं. अंग तापलेलं, दात वाजत होते, डोळे परत पिवळे, आणि बोलणं बरळल्यासारखं. नळी तुंबून आत पू झालेला. अशा वेळी तासांवर खेळ असतो.

आमच्या फरझाना सिस्टरनं सलाइन लावता लावता जनाला धरलं. "गोळ्या कुठं आहेत? चालू आहेत ना?"

"सोडल्या," जना म्हणाली.

"सोडल्या? शुगरच्या पण?"

"समद्याच."

"अगं या अल्ला! कामून? कोण बोले तेरे कू?"

"चिठ्ठीत व्हतं."

"कोणती चिठ्ठी? दाखव."

"तिकडं घरीच ऱ्हायली. घाईत..."

"काही चिठ्ठी-बिठ्ठी नाही. पोरी, ताप कधीपासून?"

"चार दिस. गावातल्या डाक्टरनं गोळ्या देल्त्या. म्या चिठ्ठी दावली, तर तेबी म्हनले, मोठ्या दवाखान्यानं सोडा म्हनलंय तर सोडा."

मी औषधांच्या कपाटापाशी उभा होतो. औषध सोडणे, दोन महिने. माझं मलाच ते डोळ्यांसमोर दिसलं, ठळक, रेघेला रेघ लावून. त्या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या बापजन्मात मनात आला नव्हता. माणूस दारू सोडतो, तंबाखू सोडतो, तसं औषध सोडतो. पोरीनं वाचलं तेच मी लिहिलं होतं.

आणि मी बोललो नाही.

सिस्टर तिला म्हणत होती, "तूच मारलं असतंस सासऱ्याला, समजलं का?" आणि जना मान खाली घालून पदराचं टोक मुठीत आवळत होती. सर आले, त्यांनीही विचारलं, "औषधं का बंद केली?" तिनं परत तेच सांगितलं, आणि एकदा फक्त माझ्याकडं बघितलं. मी एप्रन चढवायला लागलो. शिशाचा एप्रन असतो, क्ष-किरणांसाठी. त्या दिवशी तो मला मणाचा लागला. बोलण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही, लग्नाच्या पंगतीत मी बोलायला लागलो की वाढपी ताटात वाढायचं विसरतात. पण तिथं मी एप्रनचे बंद बांधत राहिलो. मी मनाची समजूत घातली की आधी नाना, मग बाकीचं.

आत गेलो. तार घातली. जाळी गाळानं गच्च भरली होती. आम्ही लहान फुगा जाळीच्या पलीकडं नेऊन फुगवला आणि खाली ओढला. तुंबलेल्या गटारीतून निघावा तसा गाळ निघाला आणि मागून पू. तीनदा फुगा ओढला. मग जाळीच्या आतून प्लास्टिकची एक साधी नळी बसवली. सगळं मिळून पाऊण तास लागला. पाऊण तास ती पोरगी बाहेरच्या बाकावर, आपण सासऱ्याचा जीव घेतला असं समजून बसली होती, आणि खरं काय ते माहीत असलेला माणूस दहा पावलांवर दाराच्या आत होता.

नानाचा रक्तदाब वर यायला लागला तेव्हा मी सरांना म्हटलं, "सर, चिठ्ठी होती. मीच दिली होती." आणि काय लिहिलं होतं ते सांगितलं.

सरांनी हातमोजे काढले, घडी घातली. वापरलेल्या हातमोज्यांची कुणी घडी घालत नाही. म्हणाले, "मला काय सांगता? बाहेर जाऊन तिला सांगा. फरझानासमोर सांगा."

मी बाहेर गेलो. "जना," म्हटलं, "चूक माझी हाय. औषध सोडणे म्हंजी जाळी औषध सोडती, असं मला म्हणायचं व्हतं. गोळ्या बंद करा असं नव्हतं. तू काही चुकली नाहीस."

फरझाना सिस्टर माझ्याकडं बघतच राहिली. "गुरुजी! क्या लिखे तुम!"

मला वाटलं जना रडेल, नाहीतर शिव्या घालेल. त्या मी खाल्ल्या असत्या. तिनं मुठीतलं पदराचं टोक सोडलं. मग म्हणाली, "मंग म्या वाचलं ते बरूबर व्हतं."

"अगदी बरोबर."

"गावात समदे म्हनत व्हते, नववी नापास, तिला काय वाचता येतंय." तिनं नाक पुसलं. "मामा वाचत्यात का?"

"वाचतील."

"मंग आसू द्या. पन गुरुजी, ठिबकनं पिकाला औषध देत्यात, तसंच हाय ना ते? ठिबक लिवायचं मंग. खेड्यातल्या मान्साला सोडनं म्हंजी सोडनं."

दुसऱ्या दिवशी सरांनी हुकूम काढला, की गुरुजींची कुठलीही चिठ्ठी पेशंटच्या हाती जाण्याआधी पेशंटच्या घरच्या बाईनं मोठ्यानं वाचून अर्थ सांगायचा. नाना वॉर्डात असेस्तोवर सगळ्यांच्या चिठ्ठ्यांचं ते परीक्षेचं काम जनानं केलं. तिनं माझ्या अकरा चिठ्ठ्या नापास केल्या. "दाखवणे" असं लिहिलं होतं, तर म्हणाली, "काय दाखवनं? कुनाला?" "अनशापोटी" लिहिलं होतं, तर म्हणाली, "ही कोन बाई?" भिक्षुकाच्या पोराचं शुद्ध मराठी वॉर्डात असं रोज धुऊन वाळत घातलं जायचं. आणि त्या जाळीचं नाव आमच्या खात्यात तेव्हापासून ठिबक पडलं. सरसुद्धा इंग्रजी बोलता बोलता ठिबक म्हणायचे.

दसरा नानानं वॉर्डातच काढला. एकूण आठ दिवस. शुद्धीवर आल्यावर त्याला सगळं कळलं. मी समोर उभा राहिलो तर म्हणाला, "गुरुजी, तुमचा बाप पानी सोडायचा, तुमी औषध सोडता. घरान्यात कुनी मेंढरं सोडली नाय, हेच बरं झालं." मग म्हणाला, "आठ दिस गेले पन फेऱ्यातले."

कळप निघाला त्या दिवशी मी स्कूटरवर पडेगावला गेलो. दौलताबादच्या रस्त्यानं मेंढरं आली. शंभर-सव्वाशे असतील. मी घरी हजार सांगितली. नाना तट्टावर बसलेला, खांद्यावर घोंगडी, आणि तोंडाचा पट्टा चालू. "पोरी, ह्या वळनावर हुबी ऱ्हाऊ नगं. टरकवाला इथं बिरेक मारत नाय. म्होरल्या लिंबाखाली पानी पाज." जना पुढं चालत होती, हातात काठी, पायात नवे बूट. मला बघून नाना ओरडला, "गुरुजी, चिठ्ठी-बिठ्ठी काय देऊ नगा हां!" रस्त्यावरचा एक ट्रकवाला हसला. त्याला काय कळलं कुणास ठाऊक.

मग सुरू झाले फोन. मी जनाला सांगून ठेवलं होतं की ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवीचा रंग बदलला तर कुठल्याही वेळी फोन कर. तिनं त्यातलं शेवटचं फार मनावर घेतलं. मी भाच्याच्या लग्नात पंगतीला बसलेलो, श्रीखंड वाढलेलं, आणि फोनवर तिचा आवाज, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा: "गुरुजी, आज पान्यावानी हाय!" शेजारचे व्याही उठून दुसऱ्या पंगतीला गेले. एकदा मधे नळी बदलायला नानाला जीपनं आणलं, दिवसभर ठेवलं आणि संध्याकाळी तो परत कळपावर गेला. ठिबक थांबून तेव्हा बरेच आठवडे झाले होते. गाठ तेवढीच होती का थोडी वाढली होती, ह्यावर सर आणि क्ष-किरणवाले अजून भांडतात.

गोदाकाठ झाला. अंबड झालं. परतीची वाट लागली. मुक्काम हलायच्या आदल्या संध्याकाळी नाना जनाला समोर बसवून पुढचा मुक्काम सांगायचा. पुढचा एकच, त्याच्या पुढचा नाही. "येकदम सांगितलं की इसरती," म्हणायचा.

शेवटचा फोन आला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, घरी बसून पंख्याला तेल देत होतो. जना म्हणाली, "गुरुजी, मामा गेले. परवा. ताप नाय, काय नाय. झोपले ते झोपले. पोटात दुखतंय म्हनले नाय."

मी विचारलं, "आणि फेरा?"

"दोन मुक्काम ऱ्हायले व्हते."

त्यांचा एकेक मुक्काम चार दिवसांचा असतो. दोन मुक्काम म्हणजे आठ दिवस. हे गणित मला कुणी घातलं नव्हतं, आणि जनानं तर ते केलंच नसेल. सर म्हणतात, असं थोडंच असतं गुरुजी, गाठीला काय दिवस मोजता येतात. बरोबर आहे त्यांचं. पण मी पंख्याचं पातं हातात धरून तसाच उभा होतो.

"मग तू आता कुठं आहेस?" मी विचारलं. "पुढची वाट त्यांनी सांगितली होती का?"

"न्हाई ना. सकाळी हुबी ऱ्हायले फाट्यावर. दोन वाटा. कुनाला इचारावं तर मानूस नाय. म्हनलं, आता काय करावं. मेंढरं थांबलीच न्हाईत, डावीकडं वळली. मी मागं मागं गेले."

"मग?"

"तिथं पान्याची हीर व्हती. मालकानं कळप लांबूनच वळखला. म्हनला, नाना कुठाय?" मागं मेंढरांचा आवाज येत होता. "ठिवते गुरुजी. उठली बगा समदी."